तोतरे बोलणे ‘दुरुस्त’ करणारे ॲप आणि न जुळलेला ताळेबंद

साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली २२ वर्षे ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा विषय शिकवतो, आणि त्या विषयाच्या नावातील पहिले अक्षरच माझ्या ओठांवर अडते. वर्गात त्याने फारसे बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकते, मग मुलांना सवय होते, आणि फळ्यावर चालणारा हात बोलण्यातील खंड भरून काढतो. अडचण उभी राहिली ती बारावीच्या मुलांना घरी ऐकता यावेत म्हणून ऑडिओ पाठ तयार करायला घेतले तेव्हा. कारण तेथे फळा नसतो, चेहरा नसतो, केवळ आवाज असतो, आणि ‘भांडवल’ या शब्दाआधी चार वेळा ‘भां’ ऐकला की नव्या विद्यार्थ्याचे लक्ष हिशेबावरून माझ्या जिभेकडे वळते. म्हणून तोतरे बोलणे मशीन लर्निंगच्या साहाय्याने ओळखून ते सुधारून देणारे एक ॲप मी यंदा जूनपासून तीन महिने, महिन्याला ४९९ रुपये भरून वापरले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्याच्या आवृत्त्या सतत बदलत असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या कंपनीपेक्षा तिने उचललेल्या पद्धतीविषयी अधिक आहे.

हे ॲप केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आपण कोठे अडखळलो ते रंगाने दाखवते. एक बटण दाबले की ती ठिकाणे कापून, आखडून आणि सांधून गुळगुळीत आवाजाची नवी फाइल देते. बोललेले मजकुरात उतरवते. आणि सरावासाठी उतारा वाचायला लावून शंभरपैकी गुण देते. पहिले काम ते चांगले करते, मजकूर उतरवण्याचे काम बरे करते, दुरुस्तीचे काम मराठीत धोकादायक रीतीने करते, आणि गुण देण्याचे काम त्याने करूच नये असे माझे मत झाले आहे.

मराठीत ‘बोबडे’ आणि ‘तोतरे’ यांची सर्रास सरमिसळ होते, म्हणून एक खुलासा आधी करतो. बोबड्या बोलण्यात ध्वनी बदलतो. तोतरेपणात ध्वनी बरोबरच असतो, पण तो वेळेवर सुटत नाही. एक तर तो पुनःपुन्हा येतो, किंवा ताणला जातो, किंवा मुळीच बाहेर पडत नाही. हा शेवटचा प्रकार, ज्याला मी ‘खीळ’ म्हणतो, तो सर्वांत त्रासाचा असतो आणि ऐकणाऱ्याला तो बहुधा नुसती शांतता वाटतो. जगात प्रौढांपैकी साधारण शंभरात एकाला हा अनुभव आहे. तेवढेच प्रमाण धरले तर एकट्या महाराष्ट्रात अशी माणसे दहा लाखांच्या आसपास भरतील. त्यामुळे ग्राहक नाहीत म्हणून मराठीकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणण्याची सोय कोणत्याही कंपनीला नाही.

यंत्र हे ओळखते कसे, ते थोडक्यात समजून घेतल्याशिवाय पुढची तक्रार न्याय्य ठरणार नाही. अशा प्रणालींना आधी हजारो छोटे ध्वनितुकडे ऐकवले जातात आणि प्रत्येक तुकड्यात काय घडले याची माणसांनी केलेली नोंद सोबत दिली जाते. ॲपल कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये खुला केलेला ‘सेप-२८के’ हा संच या क्षेत्रात बराच वापरला जातो. त्यात पॉडकास्टमधून काढलेले, प्रत्येकी सुमारे तीन सेकंदांचे २८ हजारांहून अधिक तुकडे आहेत, आणि खीळ, ताणलेला ध्वनी, ध्वनीची पुनरावृत्ती, शब्दाची पुनरावृत्ती आणि ‘अं’सारखे भरीचे उद्गार अशा पाच प्रकारांच्या नोंदी आहेत. प्रत्येक तुकडा किमान तिघांनी ऐकला होता, आणि त्या तिघांचे मत शब्दाच्या पुनरावृत्तीबाबत चांगले जुळले, तर खीळ आणि ताणलेला ध्वनी यांबाबत फारच कमी जुळले. जेथे माणसांच्या कानांचेच एकमत नाही तेथे त्यांच्याकडून शिकलेल्या यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्यावरून समजते. हा संच इंग्रजीचा आहे. जर्मनमध्ये ‘कासेल स्टेट ऑफ फ्लुएन्सी’ हा संच आहे, आणि २०२४ मध्ये मँडरिन चिनी भाषेत ७० जणांच्या बोलण्याचा ‘एएस-७०’ हा संच तोतरे बोलणाऱ्यांच्याच पुढाकाराने तयार झाला. माझे ॲप ‘बारा भारतीय भाषां’ची जाहिरात करते, पण मराठीतील अडखळणे ते मराठी बोलण्यातून शिकलेले नाही, हे पहिल्या महिन्यातच माझ्या ध्यानात आले.

आधी चांगले सांगतो. माझा एक पाठ मी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन ऐकला, अडखळण्याच्या जागा टिपल्या आणि मग ॲपच्या खुणांशी ताडून पाहिल्या. ‘भां-भां-भांडवल’, ‘क-क-कर्जदार’ अशा पुनरावृत्तीच्या जवळजवळ सर्व जागा त्याने पकडल्या होत्या, आणि ‘समायोजना’ या शब्दातील ताणलेला ‘स’ही बहुतेक वेळा सापडला होता. त्याहून उपयोगी ठरली ती महिन्याअखेरची आकृती. तीत दिसले की माझे अडखळणे विशिष्ट अक्षरांपेक्षा वाक्याच्या पहिल्या शब्दाशी अधिक बांधलेले आहे. ‘भांडवल’ हा शब्द वाक्याच्या मध्यभागी आला की तो बहुधा सरळ निघतो. लहानपणापासून मी ‘प’ आणि ‘भ’ यांना वैरी समजत आलो होतो आणि त्यांना चुकवण्यासाठी वाक्ये वाकडी करत आलो होतो, तेव्हा ही माहिती मला नवी होती. एवढ्या कामासाठी एका महिन्याचे पैसे वसूल झाले, असे मी मानतो.

आता त्या ताळेबंदाविषयी. भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांवरील एका पाठात मी एक उदाहरण सांगितले होते: ‘अनिल आणि सुनील यांनी पाच पाच लाख रुपये भांडवल आणले.’ पाठ चाळीस मिनिटांचा होता. ॲपने तो दुरुस्त केला, मी सुरुवात आणि शेवट ऐकून पाहिला, आवाज एखाद्या वृत्तनिवेदकासारखा सरळ चालला होता, म्हणून समाधानाने मुलांच्या गटावर पाठवला. दुसऱ्या दिवशी वर्गात निम्म्या मुलांचा ताळेबंद जुळत नव्हता. देयता बाजू पाच लाखांनी कमी पडत होती, आणि एका मुलीने तर दोघांच्या नावे प्रत्येकी अडीच लाख मांडून वर ‘सर, तुम्हीच सांगितले’ असे ऐकवले. मी फाइल पुन्हा लावली. तीत मी स्वच्छ, अस्खलित आवाजात म्हणत होतो: ‘अनिल आणि सुनील यांनी पाच लाख रुपये भांडवल आणले.’ दुसरा ‘पाच’ यंत्राने तोतरेपणा समजून काढून टाकला होता.

हा अपवादात्मक अपघात असेल म्हणून मी आधीचे सर्व पाठ मूळ फाइलशी ताडून पाहिले, आणि तो मुळीच अपवाद नव्हता. ‘दोन दोन वह्या आणा’ याचे ‘दोन वह्या आणा’ झाले होते. ‘एक एक नोंद तपासा’ याचे ‘एक नोंद तपासा’ झाले होते, म्हणजे सगळ्या नोंदी तपासायला सांगणारा शिक्षक एकच तपासून थांबायला सांगत होता. शंकांसाठी दिलेल्या माझ्या फोन क्रमांकात लागोपाठ आलेले दोन सारखे अंक एकच उरले होते, त्यामुळे तो क्रमांक नऊच अंकी झाला होता. त्या आठवड्यात एकाही पालकाचा फोन का आला नाही याचा उलगडा तेव्हा झाला. ‘मी मी म्हणणारे व्यापारी’ हे केवळ ‘मी म्हणणारे व्यापारी’ उरले होते, आणि ते कोण, हे मलाही सांगता आले नसते.

शाळेच्या व्याकरणात आपण अभ्यस्त शब्द शिकतो: ‘हळूहळू’, ‘पुन्हा पुन्हा’ हे पूर्णाभ्यस्त, ‘शेजारीपाजारी’, ‘गोडधोड’ हे अंशाभ्यस्त, आणि ‘कडकडाट’, ‘गुणगुण’ हे अनुकरणवाचक. शब्द किंवा अक्षर दोनदा उच्चारणे हे मराठीत अर्थ निर्माण करण्याचे नेहमीचे साधन आहे; संख्या दोनदा आली की ती वाटणीची संख्या होते, क्रियापद दोनदा आले की ‘बोलता बोलता’ सारखा काळ तयार होतो. इंग्रजीत अशा जागी वेगळे शब्द योजतात, त्यामुळे तेथे लागोपाठ दोनदा आलेला शब्द बहुधा अडखळल्याचीच खूण असतो, आणि त्या भाषेवर शिकलेल्या यंत्राने तोच नियम मराठीवर लावला. विशेष म्हणजे ‘शेजारीपाजारी’ला त्याने हात लावला नाही, कारण दोन्ही भाग तंतोतंत सारखे नाहीत. ‘हळूहळू’ मात्र काही ठिकाणी ‘हळू’ झाले होते.

यावर तोड निघू शकते, म्हणूनच राग अधिक येतो. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ संपूर्ण शब्दाची सहज झालेली पुनरावृत्ती आणि शब्दाच्या तुकड्याची ताणाने झालेली पुनरावृत्ती यांत फरक करतात, आणि तोतरेपणाची खरी खूण म्हणून या दुसऱ्या प्रकाराकडे पाहतात. ‘पाच पाच लाख’ म्हणताना दोन्ही ‘पाच’ एका श्वासात, सारख्या लांबीचे आणि एका लयीत येतात; ‘पा-पा-पाच’ म्हणताना तुकडे तुटक, असमान आणि घशातून ढकललेले असतात. हा फरक कोणाही मराठी माणसाच्या कानाला कळतो आणि ध्वनीच्या आलेखातही बऱ्याचदा दिसतो. निदान संपूर्ण शब्दाच्या पुनरावृत्तीला हात लावू नये, असा एक पर्याय सेटिंगमध्ये दिला असता तरी माझा ताळेबंद वाचला असता. या ॲपमध्ये असा पर्याय नाही; दुरुस्ती घ्यायची तर सगळी, नाही तर मुळीच नाही. मी ग्राहक सेवेला लिहिले. तीन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आले की माझा अभिप्राय मोलाचा आहे.

ताणलेल्या ध्वनीचीही तीच गत. ‘खूऽप तोटा’ यातील ‘खूऽप’ आपण मुद्दाम ताणतो आणि लिहितानाही त्यासाठी अवग्रह वापरतो. यंत्राने तो आखडून तोटा सौम्य केला. भरीचे उद्गार काढताना ‘म्हणजे’ या शब्दावरही त्याचा डोळा असतो, आणि बोलताना आपण तो वाजवीपेक्षा जास्त वापरतो हे मला मान्य आहे; पण ‘ढोबळ नफा म्हणजे…’ अशा व्याख्येतून तो काढला की व्याख्याच उरत नाही.

खिळेबाबत जे घडले ते जवळजवळ गमतीदार होते. खीळ बसते तेव्हा माझे ओठ मिटलेले असतात, मान ताठ होते आणि आवाज शून्य असतो; फोनला त्यातले फक्त शून्य कळते. दुसरीकडे, शिकवताना एक रक्कम सांगितल्यावर मुलांनी ती लिहून घ्यावी म्हणून मी जाणून थांबतो, आणि तीही शांतताच असते. यंत्राला दोन्हींत भेद करता येईना, म्हणून त्याने एका ठरावीक लांबीपलीकडची प्रत्येक शांतता कापली. परिणामी ‘यंत्रसामग्रीवर दहा टक्के घसारा, इमारतीवर पाच टक्के, बुडीत कर्ज दोन हजार’ हे सगळे एका दमात येऊ लागले आणि मुले पेन टेकवून बसून राहिली. माझ्या काही खिळा मात्र सहीसलामत सुटल्या, कारण त्या वेळी मी ‘अं’ असा बारीक आवाज करत होतो आणि यंत्राने त्याला बोलणे मानले होते. शिवाय तोतरेपणातील एक मोठा भाग आवाजात येतच नाही. अडणारा शब्द पुढे दिसला की आम्ही तो टाळून दुसरा घालतो. ‘पुस्तपालन’ऐवजी मी वर्षानुवर्षे ‘आपला विषय’ म्हणत आलो. ते वाक्य कोणत्याही यंत्राच्या कसोटीवर निर्दोष ठरेल.

‘थेट दुरुस्ती’ नावाचीही एक सोय आहे, जी फोनवर बोलता बोलता आवाज सुधारण्याचे आश्वासन देते. ती मी दोनदा वापरून बंद केली. ‘भां’ हा ध्वनी अडखळल्यामुळे आला की तो ‘भांडे’ या शब्दाचा आरंभ आहे, हे ठरवण्यासाठी यंत्राला पुढचे थोडे ऐकावेच लागते, आणि तेवढा उशीर संभाषणात जाणवतो. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो आणि त्या दोन शब्दांनी आमची खीळ दुप्पट होते. त्यात एक जुनी मौजही दडलेली आहे. स्वतःचा आवाज किंचित उशिराने कानात ऐकवला तर सरळ बोलणारा माणूसही अडखळू लागतो, हे १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झाले, आणि तोच उशीर तोतऱ्या माणसांपैकी अनेकांना मात्र तात्पुरता मोकळे करतो, हेही पुढे दिसून आले. त्यावर आधारलेली कानात घालायची उपकरणे बाजारात येऊन गेली आहेत. या ॲपने तोच उशीर जाणीवपूर्वक वापरला असता तर निदान काहींना उपयोग झाला असता.

आता गुणांविषयी. पहिल्या आठवड्यात मला ६१ गुण मिळाले, तिसऱ्या महिन्यात ९४. पत्नीने अभिनंदन केले; मग मी भाजी आणायला गेलो आणि ‘पावशेर’ म्हणताना नेहमीप्रमाणेच अडलो. घरात दार लावून, समोर कोणी नसताना फोनला उतारा वाचून दाखवणे हे तोतऱ्या माणसाचे बोलणेच नव्हे. एकांतात स्वतःशी बोलताना तोतरे प्रौढ जवळजवळ अडखळतच नाहीत, असे न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये २४ जणांवर केलेल्या अभ्यासात दाखवले आहे, आणि आमच्यापैकी कोणालाही ते आधीच सांगता आले असते. गणपतीची आरती म्हणताना किंवा चौथीच्या वर्गात सगळ्यांबरोबर एका सुरात पाढे म्हणताना मी कधी अडखळलो नाही. गुरुजींनी एकट्याला उभे करून तेराचा पाढा विचारला की मात्र ‘तेरा’च निघत नसे. ऐकणारा समोर आहे ही जाणीव हाच रोगाचा निम्मा भाग असताना, त्याला वगळून दिलेले ९४ गुण पालकांच्या हाती पडले तर ‘घरी तर नीट बोलतोस’ हे जुनेच वाक्य आता पुराव्यानिशी ऐकावे लागेल.

राहिले मजकूर उतरवण्याचे काम. यंत्राला बोलणे ‘सुधारायला’ लावण्याऐवजी ते नीट ‘ऐकायला’ लावले तर ते किती उपयोगी ठरते, याचा दाखला इंग्रजीत मिळालेला आहे. ॲपलच्याच संशोधकांनी २०२३ मध्ये ९१ तोतऱ्या व्यक्तींच्या रेकॉर्डिंगवर काम करून दाखवले की वाक्य संपले असे यंत्राने कधी मानावे, कोणते ऐकणे ग्राह्य धरावे आणि पुनरावृत्त्या मजकुरातून कशा गाळाव्यात, एवढे बदलले तरी बोलणे मध्येच तोडण्याचे प्रकार ७९ टक्क्यांनी कमी होतात आणि शब्दांतील चुकांचे प्रमाण २५.४ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर येते. आयफोनमध्ये सिरी या आवाजी सहायकाने किती वेळ वाट पाहावी हे वाढवण्याची सोय २०२२ पासून आहे, आणि मला ती या साऱ्या गुळगुळीत दुरुस्तीपेक्षा अधिक सभ्य वाटते. ओपनएआयचे ‘व्हिस्पर’ हे बोलणे मजकुरात उतरवणारे मॉडेल विनामूल्य असून त्यात मराठीही आहे, आणि ते पुनरावृत्त्या बहुधा आपोआप गाळते. मात्र लांब शांततेच्या जागी न बोललेली वाक्ये घालण्याची त्याची सवय २०२४ मधील एका अभ्यासात, वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणे बिघडणे) झालेल्यांच्या रेकॉर्डिंगच्या आधारे, नोंदली गेली आहे. ज्यांच्या बोलण्यात खिळा आहेत त्यांनी असा मजकूर वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये. मी वापरलेल्या ॲपने वाक्ये जुळवून घातली नाहीत, मराठी शुद्धलेखन बऱ्यापैकी सांभाळले, आणि ‘पाच पाच’ येथेही खाल्ले; परंतु कागदावर ती चूक डोळ्यांना दिसते आणि मिनिटभरात सुधारता येते, जे चाळीस मिनिटांच्या फाइलमध्ये होत नाही.

आवाज कोठे साठवला जातो तेही पाहून घ्यावे. येथे सर्व रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि प्रणाली सुधारण्यासाठी वापरली जातात. नकार देण्याचे बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, तेही आधीपासून होकारावर ठेवलेले सापडले. माझा आवाज त्यांना शिकण्यासाठी देण्यास माझी हरकत नाही, किंबहुना मराठीसाठी तो द्यावाच असे वाटते, पण तो विचारून घेतलेला असावा.

ज्यांना आपण कोठे अडतो हे स्वतः पाहायचे आहे, त्यांनी हे ॲप एक महिना जरूर घ्यावे आणि दुरुस्तीचे बटण दाबू नये. लहान मुलांसाठी मात्र याच्या नादी न लागता वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जावे; मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्यांना एकमेकांसमोर न लाजता अडखळायचे असेल तर ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही तोतरे बोलणाऱ्यांची संस्था २००८ पासून काम करते आहे, आणि तेथे कोणी गुण देत नाही.

मी वर्गणी सप्टेंबरपासून थांबवली. भागीदारीच्या पाठाची मूळ फाइल गटावर पुन्हा पाठवली आहे. ती दुरुस्त केलेल्या फाइलपेक्षा सात मिनिटांनी लांब आहे, आणि तीत अनिल आणि सुनील यांनी पा-पा-पाच पाच लाख रुपये आणले आहेत.